चारशे बारा पानांचे नियम

बल्लारपूर,
३ नोव्हेंबर २०२४

ती. प्रफुलदादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या वनरक्षकाच्या क्वार्टरवर अजून मोबाइलला रेंज नाही म्हणतोस, तेव्हा पुन्हा पत्र. त्या निमित्ताने माझं अक्षर तरी शाबूत राहतं.

आधी खेळाचं. दिव्यानी आणि धनराज नवा खेळ सुरू करायला तयार आहेत. पद्धत नेहमीचीच: गोष्ट मी चालवणार, तुम्ही तिघं त्यातली एकेक माणसं होणार, अडलं की फासे. यावेळी गोष्ट आजच्या चंद्रपुरातली आहे. तेच ऑटो, तीच धूळ, फक्त परकोटाच्या चारही दरवाजांचे राखणदार जागे झालेत आणि गर्दीत हिंडताहेत. अडलंय ते नियमावलीवर. एक आहे बारा पानांची, तिच्यात शंका आली की खेळ चालवणारीने ठरवायचं. दुसरी चारशे बारा पानांची. ती मी छापून स्पायरल करून आणली, तर झेरॉक्सवाल्याने विचारलं की ताई, कोणती परीक्षा देऊन राह्यल्या. तिच्यात भिंतीवरून पडलं तर किती लागतं, मंत्र टाकल्यावर माणूस किती दमतो, किती तासांनी सावरतो, सगळं लिहिलंय. मला जाडीच हवी आहे. आठवडाभर सगळं मी ठरवते, महिन्यातून एक रविवार तरी पुस्तकाने ठरवावं.

सोबत एक चाचणीचा प्रसंग पाठवते. जटपुरा दरवाजाच्या राखणदाराने भर दुपारी एक ऑटो उचलून धरलाय, आत बाई आणि लेकरू. तू वायरमन, मी नर्स. तीन फेऱ्या आहेत. प्रत्येक फेरीत तू काय करतोस ते लिही, फासे टाक, आकडे खरे लिही. लागतील त्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.

बाबांचं तसंच चाललंय. मंगळवारी आणि शुक्रवारी चंद्रपूरला डायलिसिस, चार तास मशीनवर. शाळेतल्या माझ्या रजा संपल्या. मोठ्या बाई आता बोलत नाहीत, नुसत्या बघतात. बाबांचं हे आपण दोघांत कसं वाटून घ्यायचं, हे तू धम्मचक्र दिनाला आलास तेव्हा विचारलं होतं. त्याचं उत्तर राहिलंय.

लोभ आहेच, तेवढा जपून ठेव.
तुझी,
रंजीता


ता. कुरखेडा, जि. गडचिरोली,
१४ नोव्हेंबर

चि. रंजीतास,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं.

इथे धान कापणीला आलं आणि हत्तींचा कळप फिरून आला. दिवसभर बांधाबांधाने पंचनामे करतोय. बायनाबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिचा अर्धा एकर तुडवला. ती मलाच म्हणाली, साहेब, तुमी जेवले का, तोंड कसं उतरून गेलं तुमचं. पंचनामा राहिला बाजूला, आधी तिने भात वाढला.

चाचणी खेळलो. पहिल्या फेरीत सहा आणि दोन, दुसरीत चार आणि चार, तिसरीत एक आणि पाच. पान सत्त्याण्णववरचा डाव राखून ठेवण्याचा नियम मला फार आवडला. दुसऱ्याने आधी काही करेपर्यंत आपण थांबायचं आणि मग त्याप्रमाणे हलायचं. मी तिन्ही फेऱ्यांत डाव राखला आहे. नर्स काय करते ते कळलं की वायरमन तिच्या मागे आहेच. मला विचारशील तर बारा पानांचीच घे, डोक्याला ताप नाही. पण जाडी हवी असेल तर जाडी. तू म्हणशील तसं.

बाबांचंही तू म्हणशील तसं. लहानपणापासून आपल्या घरात तुझंच डोकं चाललं आणि तू ठरवलेलं कधी चुकलं नाही.

जेवत जा वेळेवर. माया आहे, कमी पडत असेल तर कळव.
तुझा दादा,
प्रफुल


बल्लारपूर,
२४ नोव्हेंबर

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

राखणदाराने ऑटो आपटला. पहिल्या फेरीत नर्स एकटी पुढे गेली, दुसरीत तिचा हात निखळला, तिसरीत ती उठू शकली नाही. आकडे पुस्तकाचे आहेत, माझे नाहीत. राखलेला डाव फेरी संपेपर्यंत वापरला नाही तर फुकट जातो, हे त्याच पानावर खाली लिहिलंय. तू तिन्ही वेळा म्हणालास की मागे आहे, पण काय करणार ते एकदाही लिहिलं नाहीस.

हे वाचताना मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. परवा शुक्रवारी बाबा स्टेशनवर बाकावर बसले ते उठेचनात. म्हणाले, मले काऊन नेतं, तुले त्रास होऊन राह्यला, राहू दे आता. गाडी लागली होती. त्यांना न्यायचं, की त्यांचं ऐकायचं, हे मी त्या दोन मिनिटांत एकटीने ठरवलं. नेलं. रडत नेलं, लोक बघत होते.

तू म्हणशील तसं, हे तुला मला मान देणं वाटतं. दादा, ते ओझं आहे. चुकलं तर माझं चुकणार, आणि बरोबर आलं की तू म्हणणार, बघ, तुझंच डोकं. मी रागावून लिहीत नाही, रागवायला ताकद लागते. खेळ राहू दे. दिव्यानी आणि धनराजला मी सांगते.

बाकी ठीक.
रंजीता


ता. कुरखेडा, जि. गडचिरोली,
५ डिसेंबर

चि. रंजीतास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. काय लिहू विचारायला तुलाच पत्र टाकावं असं एकदा मनात आलं, इतकी सवय लागली आहे. मला खरंच वाटत होतं की मी तुला मोठेपणा देतोय. दिला नव्हता, अंग काढून घेतलं होतं.

तर आता ऐक. माझी शिल्लक रजा होती, त्यातली साठ दिवसांची मंजूर करून घेतली. एक जानेवारीपासून मी घरी आहे. मंगळवार आणि शुक्रवार, दोन्ही माझे. चंद्रपूरकडच्या बदलीचा अर्जही दिला आहे. विनंतीवरून बदली घेतली की सेवाज्येष्ठता जाते, म्हणजे वनपाल होणं लांबलं. साहेबांनी दोनदा विचारलं, घरी बोललास का. नाही म्हणालो. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं.

पुस्तक जाडंच घे. मंत्रांचा आणि दमणुकीचा भाग मी वाचून येतो, तेवढे नियम टेबलावर माझ्याकडे. चुकले तर मला बोल.

बाबांना मी स्वतः सांगणार आहे, तू सांगू नकोस. तोवरचे सव्वीस दिवस कसे निघतील त्याची मात्र काळजी वाटते.
तुझाच,
प्रफुल


बल्लारपूर,
१४ डिसेंबर

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र काल निघताना हातात पडलं आणि दवाखान्यात वाचलं. बाबांना मशीनला लावून झालं होतं. वनपालाचं वाचून वाईट वाटलं. तू मला न विचारता ठरवलंस याचा राग येईल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. आला नाही. दिव्यानीला कळवलं आहे, जाडं पुस्तक ठरलं. मंत्रांच्या पानांच्या झेरॉक्स सोबत आहेत, एकशे चाळीस पानं, आता तक्रार चालणार नाही.

पत्र वाचून झाल्यानंतरचं मला बाबांकडून कळलं. मी खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले, ती त्यांचे चार तास होईपर्यंत. मध्ये नर्स आली होती, म्हणाली, काका, पोरीला उठवू का, औषध आणायला पाठवायचंय. बाबांनी तिला सांगितलं, झोपू दे तिले, दीड वर्षात पहिल्यांदा झोपली.

तुझी वाट पाहते आहे, लोभ येताना घेऊन ये.
तुझी,
रंजीता