राईतली पिसोरी

नालासोपारा,
८ जानेवारी २०२४

ती. काशीवहिनीस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघेही ओरडतो, म्हणून लिहितो. दादा गेल्यापासून राई तुम्ही एकट्या अडवून बसला आहात. जमीन सामाईक आहे, झाडे तोडून काजू लावायचे मी ठरवले आहे. तिथे पिसोरी हरीण राहते हे तुमचे पालुपद आता पुरे. वाडीत कुणी न पाहिलेले हरीण तुम्हालाच बरे दिसते! संमतीपत्र सोबत आहे, मुकाट्याने सही करा.

लोभ असू द्या, आणि सहीही.
महिपत

पऱ्याची वाडी, जि. रत्नागिरी,
२० जानेवारी

चि. महिपतभावजींस अनेक आशीर्वाद.

तुमच्या संमतीपत्राने चूल छान पेटली. पिसोरी कुणाला दिसत नाही, कारण वाडीत मी कुणाला सांगत नाही. सशाएवढा जीव, अंगावर पांढरे ठिपके. माणसाची चाहूल लागली की पाचोळ्यात दबून बसते. तुमच्या दादांनी मला दाखवली तेव्हा वाडीत बोलायचे नाही अशी शपथ घातली होती. शिमग्याला शिकारीला निघणारे काय करतात, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

पण घरचेच माणूस मला खोटी ठरवते, म्हणून फोटो पाठवते. बघा आणि फाडून टाका.

काशीवहिनी

नालासोपारा,
३१ जानेवारी

ती. वहिनीस सा. न.

फोटो पाहिला. हरीण आहे, मान्य. आमच्या ओमकारने तो घराण्याच्या ग्रुपवर टाकला, सगळे थक्क झाले. पण एका हरणासाठी माझा हिस्सा अडणार नाही. शिमग्याला येतो तेव्हा निकाल लावू.

महिपत

पऱ्याची वाडी,
२ एप्रिल

महिपतभावजी,

पालखी घरी आली, तुम्ही नारळ दिलात, मी ओटी भरली. दुसऱ्या दिवशी राईतल्या पऱ्याकाठी, ती पाण्याला उतरते त्या वाटेवर, फासकी सापडली. तार आपल्याच कुंपणाची. शेजारी ठिपक्यांचे कातडे. तुमचा ओमकार मला म्हणाला, काकी, आता राईत काही नाही, आता तरी सही करा.

तुम्ही बाजूला उभे होतात. मान खाली घातलीत, पण त्याला एक शब्द बोलला नाहीत. त्याचीच मला जास्त चीड आली.

कातडे आणि तार घेऊन मी वनखात्यात गेले. ओमकारचे नाव मीच सांगितले. लहानपणी त्याला मी भरवले आहे, तरी सांगितले. फोटो मीच दिला होता, तेही लिहून दिले. माझी शपथ मी मोडली, ते पाप माझे.

राईत आणखी एखादी उरली आहे का, असे साहेबांनी विचारले. त्यांना मी जागा दाखवली. तुम्हाला दाखवणार नाही.

काशी