ह्यांना बारक्या दाखवताना

८ जाने., बुध.
ठाण्याहून दीड वाजता परत. ह्यांना काचबिंदू. उजवा डोळा तर गेलेलाच, डाव्यात मधोमध नाण्याएवढं उरलंय. थेंबांनी प्रेशर उतरत नाही, ऑपरेशन करा म्हणाले डॉक्टर. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायला.
हे आत मशीनवर तपासणीला बसलेले, तेव्हा मला एकटीला आणखी एक गोष्ट सांगितली. "मी सांगते त्यांना," म्हटलं. अजून सांगितली नाही.
टॅक्सीत डोंबिवली आली, हेही मीच सांगितलं.

११ जाने., शनि.
तीन दिवस नुसते बसून. खाली जात नाहीत. पेपर वाचून दाखवू का? नको. रेडिओ? नको. निनादचा ठाण्याहून फोन आला, तर "आईशी बोल" म्हणून माझ्या हातात दिला.
संध्याकाळी एकदम म्हणाले, "निनादने दिवाळीत टीव्हीला इंटरनेट लावून दिलंय ना? त्यावर बारक्या मिळेल का गं?"
बारक्या! किती वर्षांनी हे नाव. मोहन्याला कंपनीच्या कॉलनीत राहायचो तेव्हाचा ह्यांचा लाडका हाणामारीवाला. हाँगकाँगचा. खरं नाव कुणालाच उच्चारता यायचं नाही, अंगाने काटकुळा म्हणून बारक्या. हे आणि ह्यांचे दोस्त भोईर कॅसेट भाड्याने आणून दिवसदिवस बघायचे आणि मी आतून ओरडायचे, आवाज कमी करा. एकही पिक्चर मी पूर्ण पाहिलेला नाही.
शोधलं. मिळाला की! एक नाही, आठ-दहा. पण लावल्यावर पाच मिनिटांत ह्यांनी मान खाली घातली. हलणारं काही त्या नाण्यात मावत नाही. नुसता उजेड लुकलुकतो म्हणाले.
मी म्हटलं, मी सांगते काय चाललंय ते.

१२ जाने., रवि.
फजिती. "मारतोय. आता तो दुसरा मारतोय. आता पडला. अजून मारतोय."
हे : "बाई, तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलंत ना?"
राग आला. मग हसू आलं. तेसुद्धा हसले. बुधवारनंतर पहिल्यांदा.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. तिळगूळ द्यायला दोघीतिघी आल्या, त्या गेल्यावर दु. हे झोपले असताना आवाज बंद करून एकटीनेच पिक्चर आधी बघून ठेवला. शाळेत पाठ घ्यायच्या आधी काढायचे तसं टिपण काढलं. शब्द जमवले. हूल. झुकांडी. गिरकी. टाच, चवडा, कोपर. पवित्रा. आडवी लाथ, उडती लाथ. शब्द आपल्याकडे आहेत सगळे, वापरायची वेळ आली नव्हती.
आणि एक बघितलं, ते लिहायलाच हवं. कुंभारांचं आवार. पाण्याने भरलेले मोठे रांजण एका रांगेत मांडलेले. बारक्या त्यांच्या काठांवरून धावतो, मागे चार जण काठ्या घेऊन. मी म्हटलं, हे तुकड्या-तुकड्यांनी घेतलं असणार. मागे नेऊन परत पाहिलं. नाही. कॅमेरा एकदाही तुटत नाही. नवव्या की दहाव्या रांजणावर त्याचा पाय घसरतो. खरंच घसरतो, ठरवून नाही, कारण त्याच्या तोंडावर एक क्षण भीती दिसते. हात पसरतो, कमरेतून वाकतो, सावरतो, आणि पळत राहतो. तेवढंच सहा वेळा मागे नेलं. चहाचं आधण आटून गेलं.
माणसाच्या अंगात हे असतं? मी पासष्टीच्या घरात आले आणि मला माहीत नव्हतं.

१५ जाने., बुध.
रात्री नको म्हणून चारलाच लावला. रांजणांचं सगळं सांगितलं. घसरल्याचंही.
हे खुर्चीत पुढे सरकलेले. "डावा पाय ना? डावाच. आणि मग उजवा हात असा वर." हात बरोब्बर तसाच केला ह्यांनी. मी पडद्याकडे बघत होते, मग ह्यांच्याकडे. चाळीस वर्षं होत आली! दुधाची पिशवी कुठे ठेवली ते आठवत नाही ह्या माणसाला.

१९ जाने., रवि.
मोहन्याहून भोईर आले. सोबत सुके बोंबील. ह्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, "कं रं दोस्ता, वळखलास का?"
"आवाज बसलाय, पण भोईरच आहेस."
मग तिघांनी मिळून पिक्चर. मी सांगत होते. मध्येच भोईर माझ्याकडे वळून, "वैनी, तुम्ही सांगतांव तं माना आता दिसतंय. तवा आमी नुसती बोंबलत व्हतो."
जाताना जिन्यात हळूच म्हणाले की कॉलनीच्या मैदानात हे बारक्याची उडती लाथ मारून दाखवायचे, पंधरा-वीस पोरं जमायची. मला नवीनच. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

२१ जाने., मंगळ.
रोज एक तरी तास. आता टिपणाशिवाय जमतं. श्वास कुठे घ्यायचा तेही कळतं. तो थांबला की मीपण थांबते. आज एक जागा अशी आली की बारक्या नुसता उभा आहे. समोर सात जण. हात सैल, गुडघे किंचित वाकलेले, डोळे कुणाकडेच नाहीत. काही घडत नाही आणि मला श्वास घेववत नव्हता. काय सांगू? म्हटलं, "उभा आहे."
हे म्हणाले, "हां. कळलं."

२३ जाने., गुरु.
आज चुकले.
म्हाताऱ्या गुरूचा पिक्चर. ह्यांचा सगळ्यांत आवडता. सकाळपासून सांगत होते, शेवटी गुरू मेला असं वाटतं, पण तो उठून बसतो आणि बारक्याच्या डोक्यावर टपली मारतो. मी दुपारी बघून ठेवला. गुरू उठत नाही. मरतोच. बारक्या त्याला पाठीवर घेऊन डोंगर उतरतो, संपला.
ह्यांचा चेहरा इतका फुललेला होता. मला नाही सांगवलं. म्हटलं, "बसले. उठून बसले. टपली मारली बघा."
हे म्हणाले, "मग तो रडतोय का?"
आवाज चालूच होता. बारक्या हमसून हमसून रडत होता. ते मी विसरलेच.
"काय दिसतंय तेच सांग ना."
"गेले. तो त्यांना पाठीवरून नेतोय."
नुसतं संगीत. मग अगदी शांतपणे, "म्हणजे मीच इतकी वर्षं चुकीचं लक्षात ठेवलं. ठीक आहे. आणि डॉक्टर काय म्हणाले, तेही असंच सांगितलंस का?"
सांगितलं मग. टीव्ही बंद करून. ऑपरेशनमध्ये उरलेलं तेवढंही जाऊ शकतं. क्वचित होतं, पण ह्यांचं इतकं थोडं उरलंय म्हणून धोका जास्त. नाही केलं तर हळूहळू जाणारच.
"माझा डोळा," एवढंच म्हणाले. आत जाऊन पडले.

२४ जाने., शुक्र.
बोलत नाहीत. जेवले. ताट उचलून स्वतः ओट्यापर्यंत नेलं, भिंतीला हात लावत. मी मदतीला गेले तर हात बाजूला केला.

२५ जाने., शनि.
कालच्यासारखंच. दु. एकटीने बारक्या लावला. दहा मिनिटांत बंद केला. माझ्या एकटीच्या डोळ्यांनी आता पुरत नाही.

२६ जाने., रवि.
सोसायटीत झेंडावंदन. हे खाली येतो म्हणाले! माझा दंड धरून जिना उतरले. पायऱ्या मनात मोजत होते, ओठ हलत होते. राष्ट्रगीताला ताठ. कुणीतरी जिलबी दिली.
परत आल्यावर चहा घेताना : "निनादला सांग, तारीख घे."
"नीट विचार केलात ना?"
"तू माझ्यासाठी करून ठेवला होतास. आता मी केला."
मी म्हटलं, चुकलं माझं. ते म्हणाले, "हो. चुकलं." मग कप पुढे केला. "अजून अर्धा दे."

३० जाने., गुरु.
५ फेब्रु. ठरली. रोजचा तास पुन्हा सुरू.
आज बारक्याचा म्हातारपणातला पिक्चर सापडला. ह्यांनी कधी पाहिलेला नाही. केस पांढरे, तोंडावर सुरकुत्या, लाथ कमरेपर्यंतच जाते. मी तसंच सांगितलं, लपवलं नाही. "पण अहो, एक सांगू? हात अजून तसाच येतो. समोरच्याला कळायच्या आत त्याची काठी ह्याच्या हातात असते. कशी आली ते मला पण दिसलं नाही."
"परत लाव."
चार वेळा लावलं. चारही वेळा दिसलं नाही. ह्यांना म्हटलं, इथे आपण दोघं सारखेच. पोट धरून हसले.

५ फेब्रु., बुध.
सकाळी ऑपरेशन झालं. पाऊण तास. डॉ. म्हणाले, "प्रेशर उतरलंय, बाकी उद्या पट्टी काढल्यावर बघू." आता निनादकडे, ठाण्यालाच.
दु. चार. निनाद औषधं आणायला गेलेला. हे पलंगावर टेकून, डाव्या डोळ्यावर पट्टी आणि वर प्लास्टिकची वाटी. म्हणजे आता काहीच नाही, उजेडसुद्धा नाही. मी विचारलं, निनादच्या टीव्हीवर लावू का बारक्या?
"नको. एक पिक्चर तुला कुठे सापडणार नाही. मी सांगतो. डोळे मीट."
मिटले.
"पूर आलेला. नदीवर दोरांचा पूल, अर्ध्या फळ्या वाहून गेलेल्या. बारक्या ह्या टोकाला, पाठीवर बहीण बांधलेली. समोरून तो टकल्या, साखळी घेऊन. साखळी आली. बारक्या वाकला. साखळी दोराला गुंडाळली. आता दोन्ही हातांनी ती धरली त्याने, बघ, आणि चवड्यावर..."
बघ म्हणाले. आणि मला दिसत होतं. पाणी गढूळ, मातकट. बहिणीची वेणी सुटलेली. हे त्यांनी सांगितलं की माझं मीच बघितलं, कोण जाणे. त्यांचा आवाज चढत गेला, हात हलत होते, पलंग करकरत होता. साखळी ताणली. फळी मोडली. बारक्या हवेत, दोन्ही पाय वर, एक हात सुटलेला...
थांबले.
"पुढे?"
"पुढे कुठलं. सेकंड शिफ्ट होती, अडीचला उठून गेलो. भोईरने संध्याकाळी कॅसेट परत केली. परत कधी मिळाली नाही."
"भोईरांनी शेवट सांगितला असेल की."
"सांगत होता. मीच म्हटलं, सांगू नकोस. बघीन कधीतरी."
उद्या नऊला पट्टी काढणार. निनादने रिक्षा साडेआठला सांगितली आहे.