चौथ्या रविवारचं वाचन

१ डिसेंबर, नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार

—आणि चर्चमधली मेणबत्ती पेटेना. मी तिसरी काडी ओढत होते, तेवढ्यात पाळकांनी वाचकांची नावं सांगून टाकली. चौथा रविवार : माझी नणंद! बोट भाजलं तेव्हा काडी टाकली.

इतकी वर्षं तो उतारा माझा. येशू पोटात असलेली मरीया डोंगराळ भागातल्या गावी जाते, तिची नातलग म्हातारी अलीशिबा तिला दारात बघते.

बाहेर पाळक म्हणाले, "हल्ली तुम्हाला धाप लागते, बाई. जरा बसून ऐका की." बसून ऐका! आजचं वचन होतं : जागे राहा. राहीन. झोप कुठे येणार आहे.

३ डिसेंबर

हे म्हणाले, "अगं, वाचन घरातच राहिलं ना?" कपाट आहे का ते?

५ डिसेंबर

मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात नणंद आली. मी मागच्या खोलीत काच घासत होते. मालकांनी नंबर काढला. जवळचं दिसत नाही तिला. पुस्तक हातभर लांब धरते.

"वहिनी, चष्मा तूच कर हं. आणि माझ्या रविवारच्या आत! नाहीतर मी मरीयेला भलत्याच घरी पोचवीन."

मालक हसले. मीही हसले. छान हसता येतं मला.

८ डिसेंबर

योहान. दुसऱ्यासाठी, येशूसाठी, वाट सरळ करायची आणि आपण बाजूला व्हायचं. पाळक म्हणाले, "त्याला हेवा शिवला नाही." पाळकांना कसं ठाऊक? विचारलं होतं?

१२ डिसेंबर

तिच्या काचा आज आल्या. फ्रेममध्ये बसवायच्या, एका सकाळचं काम. माझ्या खणात ठेवल्या. फोनवर म्हटलं, "अजून आल्या नाहीत गं."

"येतील, वहिनी. तू नको काळजी करूस."

माझी काळजी हिला!

१५ डिसेंबर

तुरुंगातला योहान. येशूला निरोप पाठवून विचारतो : तूच ना तो, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची? हा योहान मला कळतो.

१९ डिसेंबर

घरात कुणी नव्हतं. तो उतारा मोठ्याने वाचला. अलीशिबा वयाने मोठी, मानाची. दारात पोरगी उभी, मोठेपण सगळं तिचं, आणि हिला आनंद! क्षणभरही जळली नसेल? की लिहिणाऱ्याने गाळलं?

'माझ्या प्रभूची आई' म्हणता म्हणता दम संपला. नेहमीसारखा. तिथे थांबायचं नसतं, वाक्य मध्येच तुटतं. दरवर्षी तुटतं.

२१ डिसेंबर

"वहिनी, काचा?"

"नाही गं."

खणाची किल्ली माझ्या मुठीत होती. "बरं, बघते काहीतरी," म्हणाली. आवाज पडला होता. मला बरं वाटलं. इथे तरी खरं लिहिते : बरं वाटलं.

२२ डिसेंबर, चौथा रविवार

तिने पुस्तक उघडलं आणि खाली बघितलंच नाही. सगळं पाठ! मरीया निघाली, पोचली, हाक मारली. मी वाट पाहत होते, आता अडेल, आता अडेल. 'माझ्या प्रभूची आई' म्हणाली आणि थांबली. श्वास घेतला. जिना पळत चढणारी ही धडधाकट बाई! मग पुढे गेली.

बाहेर विचारलं, "तिथे का थांबलीस?"

"थांबतात ना तिथे? तू थांबतेस. दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो." मग हसली. "चष्मा नव्हता, म्हटलं तुझ्या आवाजावर भागवू. ऐकून ऐकून पाठच झालाय."

काही बोलणार होते. धाप लागली.

२३ डिसेंबर

सकाळी लवकर दुकान उघडलं. चष्मा केला, तिच्या घरी नेऊन दिला. "काचा कधी आल्या?" तिने विचारलं. खरी तारीख सांगितली. तिने चष्मा लावला आणि माझ्याकडे जवळून पाहिलं.