घर हेच कार्यालय, पंख्यासकट

६ एप्रिल, सकाळी ९.१०
एचआरचा मेल: कर वाचवायची कागदपत्रं वेळेत द्या. वाचता वाचता एकदम सुचलं. मी चार वर्षं घरून काम करतो. म्हणजे घर हेच ऑफिस. ऑफिसचा खर्च करातून वजा होतो. मग माझाही झाला पाहिजे! परदेशातल्या चुलतभावाला मिळते अशी वजावट. त्याचा स्वतःचा धंदा आहे, पण तो तपशील झाला.
वडिलांना, म्हणजे नानांना, सांगितलं. पस्तीस वर्षं सरकारी ट्रेझरीत होते. म्हणाले, कुठल्या कलमाखाली? सरकारी माणसाला आधी कलम लागतं, मग कल्पना.

७ एप्रिल
पुढची खोली कार्यालय म्हणून जाहीर केली. तिथे माझी बायको त्रिवेणी संध्याकाळी ऑनलाइन मराठी वाचन शिकवते. चौदा मुलं, सगळी इथल्या तेलुगू-इंग्रजी शाळांतली. घरी मराठी बोलतात, पण वाचताना ‘घर’चं ‘धर’ करतात. क्लास स्वयंपाकघरात हलवला. ती म्हणाली, अहो, कुकरच्या शिट्ट्या ऐकू जातील. मी म्हणालो, म्यूट कर. कुकरला म्यूटचं बटण नसतं, असं उत्तर आलं. नकारात्मक दृष्टिकोन.

९ एप्रिल
बेगम बाजार. फायली, पंचिंग मशीन, टेबलावरची घंटी. दुकानदार म्हणाला, साब, बिल नक्को, सस्ता पडता. मी ठणकावून पक्कं बिल मागितलं. टॅक्स लागून महाग पडलं. पण बिल आहे!
येताना मानेला आधार देणारी खुर्ची घेतली. तिचंही बिल आहे.

१३ एप्रिल, दुपारी
टेपने घर मोजलं. कार्यालय घराच्या एक षष्ठांश. म्हणजे वीज एक षष्ठांश, वॉचमन एक षष्ठांश, नाना... नानांचा विचार नंतर.
ऑफिसच्या वेळेत आठ चहा होतात. त्रिवेणीकडे पावती मागितली. तिने कॅलेंडरचं पान फाडून लिहून दिली: चहा ४, उपकार ४. फाइल केली.

१५ एप्रिल
टीम कॉलनंतर विजयला योजना सांगितली. विजय माझ्याच टीममध्ये, मलकपेठला राहतो. म्हणाला, हौ भाई? एवढी वर्षं आपण फुकट घरून काम केलं का? त्याच्या आईला उन्हाळा फार बाधतो, एसी घेऊ की नको यात दोन वर्षं गेली म्हणे. मी विचारलं, त्याच खोलीत काम करतोस ना? मग तो ऑफिसचा एसी. बिनधास्त घे. बिल जपून ठेव.
लोकांना मार्गदर्शन करताना आवाज आपोआप खोल होतो, हे आज लक्षात आलं.

१७ एप्रिल
विजयने एसी घेतला! बारा हप्त्यांवर. फोटो पाठवला. खाली लिहिलंय, तुम्हारे भरोसे पे.
छान वाटलं.

२० एप्रिल
पुरावा म्हणून काम करतानाचा माझा फोटो हवा. नानांना काढायला सांगितला. त्यांनी मला न कळवता सहा काढले. सहाही फोटोंत माझे डोळे मिटलेले आणि मान नव्या खुर्चीच्या आधारावर. वेळ ११.४०. नाना म्हणाले, खऱ्या परिस्थितीचाच फोटो लागतो ना? उद्या स्वतः सेल्फी काढेन.

२१ एप्रिल
सेल्फी राहिला. मीटिंगही राहिली. बिलं लावत होतो.

२५ एप्रिल, शनिवार
विद्यानगरला दोघं मेधाकडे गेलो. मेधा त्रिवेणीची मावसबहीण, सीए आहे. एकोणचाळीस बिलांची फाइल आणि नमुन्यादाखल घंटी तिच्यापुढे ठेवली. घंटीपर्यंत तिने शांतपणे पाहिलं. मग म्हणाली, दाजी, तुम्ही पगारदार. पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, ते काही न करता मिळतं. घरून काम केलं म्हणून वेगळं काही नाही.
खुर्ची? नाही. पंखा? नाही. पंखा निम्मा? तिने फाइल मिटली.
मग त्रिवेणीकडे वळून म्हणाली, ताई, तुझ्या क्लासचं काय? ते तुझं स्वतःचं काम. त्याचा खरा खर्च दाखवता येईल, इंटरनेट, लॅपटॉप, काय काय होतं सांग. दोघी तासभर बोलल्या. मी घंटी एकदा वाजवून पाहिली. दोघींनी पाहिलं. परत वाजवली नाही.
रिक्षात त्रिवेणी म्हणाली, सोमवारपासून खोली मला लागेल. विचारत नव्हती.

२७ एप्रिल
स्वयंपाकघरातून काम. प्रकाश चांगला आहे. डाळ उतू गेली तेव्हा बॉस कॉलवर होता.
विजयला सांगायला हवं. आज त्याचा मूड कळत नव्हता. उद्या.

२९ एप्रिल
विजयचा मेसेज: घरात विचारताहेत, किती वाचतील? मी अंगठा पाठवला. अंगठ्याचे बरेच अर्थ होतात.

१ मे, संध्याकाळ
मलकपेठ. स्वतःहून गेलो, याची नोंद असावी. सोबत आंबे.
खोली थंडगार. विजयची आई पलंगावर बसून पालक निवडत होती. म्हणाली, बाळा, तुझ्यामुळे या उन्हाळ्यात पहिल्यांदा दुपारी डोळा लागला. तुझ्या शब्दाखातर घेतला त्याने, नाहीतर कधी घेतला नसता.
एवढं ऐकून कसं सांगायचं? दोनदा तोंड उघडलं, दोनदा आंब्यांबद्दल बोललो. शेवटी बाहेरच्या जिन्यात विजयला गाठून एका दमात सांगितलं. काही वाचणार नाही. एक रुपयाही नाही. मी विचारलं नव्हतं कुणाला.
तो म्हणाला, तुला माहीत नव्हतं, तर एवढ्या जोरात कायकू बोललास?
मी पायरीवर बसलो.
म्हणालो, एसी परत करू. तो म्हणाला, आई झोपते आता. मी म्हणालो, मग दोन हप्ते माझे. तो म्हणाला, तीन. आंबे मात्र ठेवून घेतले.

२ मे, सकाळी १०.२०
पहिला हप्ता फोनवरून भरला. त्रिवेणी मागेच उभी होती. म्हणाली, कसला हप्ता?
एसीचा, म्हणालो.
तिने वर बघितलं, भिंतीकडे बघितलं, नानांकडे बघितलं. मग विचारलं, आपल्याकडे एसी कुठाय?