पीएमएसचा तक्ता

३१ ऑगस्ट
पेपरात पीएमएसवर लेख वाचला. पाळीआधी बायका चिडतात तो हार्मोन्सचा खेळ. बारा वर्षं प्रमोदिनीशी उगाच वाद घालत बसलो. आजपासून वाद बंद. कॅलेंडरवर तिच्या तारखा मांडल्या, आधीचे सात दिवस लाल पेनानं. असा नवरा अख्ख्या सिडकोत शोधून सापडायचा नाही.

१ सप्टेंबर
तक्त्यानुसार पाळी दहाला. नेमक्या त्याच दिवशी महालक्ष्म्या येणार. आई म्हणाली, सून बाजूला बसली तर पुरण कोण शिजवणार, पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आण. बाजूला बसणं वगैरे मी अजिबात मानत नाही. पण आईचं मन मोडवत नाही.

३ सप्टेंबर
लाल दिवस सुरू. प्रमोदिनी म्हणाली, गोळ्या नकोत. तिच्या आईच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी हिला मनाई केलीय म्हणे. आवाज चढलेला. लेखात आहेच: विनाकारण भीती. शांतपणे ऐकून घेतलं.

५ सप्टेंबर
गुलमंडीवरून गोळ्या आणल्या. दुकानदारानं चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. म्हणाला, त्योहार में सब लेके जाते साब. आईनं समोर उभं राहून गोळी घ्यायला लावली. मी पाणी दिलं.

८ सप्टेंबर
पोटरी दुखते म्हणाली. लेखात अंगदुखी आहे. टिक केली.

९ सप्टेंबर
डावा पाय सुजला. लेखात सूजही आहे, लिहिणारा अभ्यासू दिसतो. भांडी घासायला येणाऱ्या आवडाबाई म्हणाल्या, साहेब, येकच पाय सुजलाय, ह्ये काय बरं नाय, दवाखान्यात न्या. त्यांना लेख वाचून दाखवला. बाई ऐकतच नव्हत्या, पायाकडं बघत होत्या.

११ सप्टेंबर
पूजन. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, जेवायला अठरा माणसं. प्रमोदिनी पहाटेपासून उभी. गच्चीवरून वाळलेले कपडे आणताना दम लागला, जिन्यातच बसली. आई म्हणाली, सणासुदीला नाटकं नकोत. मी आईलाही पीएमएस समजावला. घरात समतोल राखणारा मी एकटाच. प्रमोदिनी म्हणाली, दवाखान्यात न्या. म्हटलं, उद्या विसर्जन झालं की नेतो. बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं वाद घातला नाही. तक्ता लागू पडतोय.

१२ सप्टेंबर, दुपार
आयसीयूबाहेर. सकाळी मोरीत कोसळली. गुठळी पायातून फुप्फुसात गेली म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं, पोटरी कधीपासून दुखत होती, सूज कधी आली, दम कधी लागला. मला सगळ्या तारखा पाठ, घडाघडा सांगितल्या. ते लिहिता लिहिता थांबले. इतकं दिसत होतं तर आणलं का नाही, म्हणाले. लेखाचं नाव काढायची हिंमत झाली नाही.

मग गोळ्यांचं पाकीट दाखवून डॉक्टरांनी विचारलं, या कुणी दिल्या. आई म्हणाली, तिनं तिच्या मनानंच घेतल्या. मी होकारार्थी मान हलवली.

प्रमोदिनी शुद्धीवर आली की खरं काय ते सांगेल, याची भीती वाटते. नाहीच आली तर काय, ते लिहवत नाही.