तुझं सूत संपलं तिथून

प्रिय आक्का,

तुझ्या ओट्यावर बसून लिहितेय. आत दाजी मागावर बसलेत, तू गेल्यापासून आज पहिल्यांदा. तुझं सूत जिथं संपलं तिथून पुढं आता मी रंगवलेलं लागणार, आणि तो जोड बघायला आत जायचं माझं धाडस होत नाही. हातांना स्वस्थ बसवेना, म्हणून कागद घेतला. तुझ्याशिवाय बोलणार तरी कुणाशी?

तुझ्या मनीला आठवा लागलाय. दिवाळीत तिला घेऊन आलीस तेव्हा काय मिरवत होतीस गं! तिचे दिवस कळल्यावर तू घोंगडीची लांबी-रुंदीच वाढवलीस. मायलेकरू दोघं मावली पाहिजेत म्हणालीस. रंगवलेलं सूत कमी पडणार हे तुला ठाऊक होतं. दाजींनी विचारलं तर म्हणालीस, रानातला शाळू पिकला की त्याच्या रंगावर उरलेलं रंगवीन, तोवर तुमी विणत राहा.

आणि शाळू पोटरीत यायच्या आधीच गेलीस. छातीत दुखतंय हे आदल्या दिवसापासून अंगावर काढलंस, कुणाला बोलली नाहीस. का गं? एक फोन केला असतास तर मी इस्लामपुरातून गाडी करून आले असते. याचा राग अजून गेलेला नाही माझा.

दाजींनी मागावर गोणपाट टाकलं ते टाकलंच. अर्धी घोंगडी तशीच आत. शेजारच्यांनी सांगितलं, तयार रंगीत सूत मिळतं, आणून पुरी करा. ते ऐकून घ्यायचे आणि रानात जाऊन बसायचे. जेवण पुढ्यात ठेवलं तर खायचे, नाहीतर नाही. मग उंब्रजहून, सासरून, मनीचा फोन आला. म्हणाली, "मावशी, आईचं ते पुरं हुईल का गं?" मी हो म्हणून बसले. कशाच्या जोरावर म्हणाले, आक्का?

तू कातलेलं पांढरं सूत कणगीमागं गाठोड्यात होतं, ते मी घरी नेलं. तुझ्या हातचं तेवढंच उरलेलं. वाया गेलं तर दुसरं कुठून आणणार होते? तरवडाची फुलं, डाळिंबाची साल, तुरटी, सगळं तू घालायचीस तेच घातलं. पण किती? तू कधी माप सांगितलंस का? मी विचारलं की म्हणायचीस, शिवारात बघ की, तिथं दिसतंय. आता इस्लामपुरात मी कुठं बघायचं? दाराबाहेर पडलं की नजर जाईल तिथपर्यंत ऊस. बारा महिने हिरवं. शाळवाचा रंग मी डोळे मिटून आठवत होते आणि पातेल्यात भलताच उतरत होता. पहिल्या खेपेला हिरवट आला. दुसऱ्या खेपेला घाईनं आच मोठी केली, तर लोकर आखडून दोरखंडासारखी झाली. तुझं कातलेलं सूत असं हातात गोळा झालेलं बघून मी मोरीत बसून रडले.

शेवटच्या लडी राहिल्या तेव्हा माझा धीर सुटला. आमच्या ह्यांना सांगितलं, मी आक्काच्या घरी जाते, तिथंच रंगवते. एसटीत गाठोडं मांडीवर घेऊन बसले. खाली ठेवायचीसुद्धा भीती वाटत होती.

तुझ्याच चुलीवर तुझं जर्मनचं पातेलं ठेवलं, तुमच्या बोअरचं पाणी घेतलं. दाजी लांबून बघत होते, जवळ आले नाहीत. आच बारीक ठेवली. लडीला रंग धरायला लागला तशी एक ओली लड घेऊन बांधावर गेले, तू मला न्यायचीस तशी. उतरत्या उन्हात तू ती शाळवाच्या पानाशेजारी धरायला लावायचीस आणि स्वतः दोन पावलं मागं जाऊन बघायचीस. या खेपेला मागं जाऊन बघायला कुणी नव्हतं.

आणि तिथं मला घामच फुटला. औंदा पाऊस लांबला, रान उशिरापर्यंत ओल धरून राहिलं, त्यामुळं शाळू यंदा जास्त तांबूस पिकलाय. तुझं सूत मागच्या सालचं, फिकं, वाळल्या कडब्यासारखं. माझी लड शिवाराला जुळत होती, तुझ्या सुताला नाही. आता काय करायचं? लगेच बाहेर काढून खळखळून धुतली असती तर फिकी झाली असती, कदाचित तुझ्याजवळ गेली असती. बांधावरच उभी राहिले. तू असतीस तर काय केलं असतंस, हेच घोकत होते. शेवटी सूत तसंच राहू दिलं, रंगाच्या पाण्यातच निवू दिलं. बरोबर केलं की चूक, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

आज सकाळी वाळलेल्या लडी दाजींसमोर ठेवल्या. बोटांनी सूत चाचपलं, गोणपाट काढलं, सूत गुंडाळून कांड्या भरल्या आणि बसले. तेव्हापासून मी इथं आहे.

एवढं लिहिलं आणि आतला आवाज थांबला, आक्का. पेन हातातच राहिलं. दाजी बाहेर आले, पायरीवर बसले. म्हणाले, "जोड दिसतोय."

म्हटलं, दाजी, हवं तर उसवून टाका, मी काहीतरी बघते.

"कशापायी उसवायचं?" ते म्हणाले. "तिचं मागल्या सालचं शाळू हुतं. हे औंदाचं हाय." मग समोरच्या रानाकडं बोट केलं. "तिनं रंगवलं असतं तरी औंदाचंच आलं असतं की."

डोळे पुसले, तंबाखूची पिशवी काढली, परत खिशात घातली आणि आत गेले. माग पुन्हा चालू झालाय.

मी आत जाऊन बघून आले. जोड लांबूनही दिसतो. भीती गेली म्हणू नकोस. पहिल्या धुण्यात रंग किती उतरेल, घोंगडी वेळेत पुरी होईल का, मनीच्या पायाला सूज आहे ती कशाची, सगळंच डोक्यात फिरतंय. डॉक्टरीणबाई म्हणतात काळजीचं कारण नाही. त्यांना काय जातंय म्हणायला?

पण एवढा शब्द देते. मनीला पुढच्या आठवड्यात मी घेऊन जाते, बाळंतपण माझ्याकडं. कळा यायला लागल्या की मी तिच्याजवळून हलणार नाही. आणि पुढच्या साली शाळू पिकला की तिला लेकरासकट इथं आणीन, ओली लड तिच्या हातात देऊन बांधावर उभी करीन आणि मी दोन पावलं मागं जाऊन बघीन.

तुझी धाकटी,
सुमी