गवळी बदललेला नाही

भावोजी,

सोयाबीन म्हणजे गुरांचं खाणं, असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून सांगितलं नाही. तीन महिने तुमच्या कॉफीत सोयाबीनचंच दूध आहे. रोज दाणे भिजवते, वाटते, गाळते, उकळते आणि तुम्ही म्हणता, "वहिनी, गवळी बदललात वाटतं. छान झालीये."

काल कोलेस्टेरॉल उतरल्याचा रिपोर्ट नाचवत आलात. डॉक्टर श्रेय गोळ्यांना देतात, तुम्ही चालण्याला. देऊ देत. तुमचे दादा हृदयाच्या झटक्याने गेले, तेव्हा मी आहाराचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. ते सलतं. त्यांच्या खुर्चीत बसून तुम्ही कप रिकामा करता, तेव्हा जरा कमी सलतं.

हे पत्र सोयाबीनच्या डब्यात ठेवते. तिथे तुमचा हात कधी जायचा नाही.

तुमची लबाड
वहिनी